आजी कुठं गेली? धर्म न मानणाऱ्या घरातलं मूल आणि मृत्यू



मागच्या व्याख्यानात आपण चार्वाकांविषयी बोललो. ते संपल्यावर मागच्या रांगेतून एका तरुण आईनं प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या घरात देवघर नाही, आम्ही दोघंही मानत नाही. मागच्या महिन्यात सासरे वारले. चार वर्षांची मुलगी विचारत होती, आबाजी कुठं गेले? मी म्हटलं, देवाघरी गेले. यावर आमचे हे माझ्यावर रागावले. म्हणाले, ज्यावर आपला विश्वास नाही ते पोरीला कशाला सांगतेस? मग मी काय सांगायला पाहिजे होतं?"

आम्ही त्या दिवशी वेळ संपल्याचं सांगितलं. वेळ संपलेली नव्हती, दहा मिनिटं शिल्लक होती. उत्तर तयार नव्हतं, ही खरी गोष्ट. म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. त्या बाई आज आल्या असतील तर उशिराबद्दल माफी असावी.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. घरात मूर्ती नाही की पोथी नाही. म्हणजे पोथ्या कपाटभर आहेत, पण त्या वाचायच्या, पूजेच्या नव्हेत. आमची आई आमच्याकडेच राहायची, अमरावतीला. ती गेली तेव्हा आमची लेक पाच वर्षांची होती. तिनं विचारलं, आजी अशी का निजली? आम्ही त्या वेळी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, वर्गात प्लेटो आणि कठोपनिषद शिकवणारे. आमच्या तोंडून निघालं, "आजी झोपली बेटा. आता उठणार नाही."

पुढचे तीन आठवडे पोरगी झोपायला तयार नव्हती. दिवा घालवला की ओरडायची. तिच्या आईला डुलकी लागली तर गदागदा हलवून उठवायची. आम्हाला वाटलं, आजीची आठवण येते म्हणून असेल. शेवटी एका रात्री तिनंच सांगितलं, "मी झोपली अन् उठली नाही तर?" तेव्हा कळलं की वाक्य आमचं होतं आणि भीती तिनं त्यातून काढली होती. तिचा तर्क अगदी बरोबर होता. चूक आमच्या विधानात होती.

ही चूक जगभर होते, म्हणून तिच्यावर अभ्यासही झाला आहे. मारिया नागी या हंगेरियन संशोधिकेनं बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वयाच्या पावणेचारशे मुलांशी मृत्यूबद्दल बोलून 1948 साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे गावाला जाणं किंवा झोपणं वाटतं, आणि गेलेला माणूस परत येऊ शकतो असंही वाटतं. त्यानंतरची मुलं मृत्यूला एखाद्या माणसासारखं रूप देतात, आणि साधारण नवव्या वर्षानंतर मोठ्यांसारखी समज येते. पुढच्या संशोधकांना माणसाचं रूप देण्याचा तो भाग सगळीकडे तसा आढळला नाही. स्पीस आणि ब्रेंट यांनी 1984 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि मांडलं की मृत्यू समजायचा म्हणजे मुलाला तीन गोष्टी कळाव्या लागतात. मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम पूर्ण थांबतं, आणि हे प्रत्येक सजीवाला आहे. बहुतेक मुलांना हे पाच ते सात या वयात उमगतं.

आता बघा, "झोपली" या एका शब्दानं आम्ही यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टींवर पाणी फिरवलं होतं. झोपलेला माणूस उठतो. झोपलेल्याचा श्वास चालू असतो.

म्हणून पहिली गोष्ट शरीराबद्दलची. तिथं घर आस्तिक आहे की नास्तिक याचा संबंधच नाही. साधं सांगायचं. आजी मेली. तिचं हृदय थांबलं. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. ती परत येणार नाही. "मेली" हा शब्द आपल्याला कठोर वाटतो, म्हणून आपण "वारली", "गेली", "आटोपलं" असे शब्द शोधतो. मोठ्यांमध्ये ते ठीक आहे. चार वर्षांच्या लेकराला "गेली" म्हटलं की ते दाराकडे बघतं.

आणि ते एकदा सांगून भागत नाही. मूल चार दिवसांनी पुन्हा तेच विचारतं, जेवताना, स्कूटरवर मागे बसून, कुठंही. आपण वैतागतो, "सांगितलं ना तुला". पण ते नवीन उत्तर मागत नसतं. कालचं उत्तर आजही तेच आहे का, एवढं तपासत असतं.

इथं आमच्या विषयाची थोडी फजिती सांगायला हवी. एपिक्युरसचा युक्तिवाद आम्ही बी.ए.च्या वर्गांना अनेक वर्षं शिकवला. आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला? युक्तिवाद देखणा आहे, पण मुलाच्या कामाचा नाही, कारण मुलाची भीती वेगळ्याच ठिकाणी असते. त्याला विचारायचं असतं, आई, तूही मरशील का? मला शाळेतून कोण आणेल? आणि एक प्रश्न तर ते विचारतच नाही, नुसतं मनात ठेवतं. मी आजीवर चिडलो होतो, म्हणून ती मेली का? हा तिसरा प्रश्न मुलाची वाट न पाहता आपणच बोलून टाकावा. "तू काही केल्यानं झालं नाही. तिला आजार होता." दुसऱ्याचं उत्तर माणसांची नावं घेऊन द्यावं. आम्ही आहोत, मावशी आहे, काका आहे. आणि पहिल्यावर "मी कधीच मरणार नाही" अशी थाप मारू नये. "सगळेच मरतात, पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मी खूप वर्षं तुझ्यासोबत राहीन असं मला वाटतं." एवढं खरं आहे आणि पुरेसंही आहे.

आता त्या बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, देवाघरी.

श्रद्धाळू घरात "देवाघरी गेली" याला संदर्भ असतो. त्या घरात देव रोज भेटतो, त्याला नैवेद्य असतो, आरती असते. आजी अशा ओळखीच्या माणसाकडे गेली, हे मुलाला समजतं. त्या घराला आम्ही काही सांगायला जाणार नाही. पण ज्या घरात देवाचं नाव एरवी निघत नाही, तिथं तो पहिल्यांदा येतो तो आजीला घेऊन जायला. आमच्या लेकीलाही शेजारच्या काकूंनी मायेनं "देवाघरी" सांगितलं होतं. तिनं घरी येऊन विचारलं, "देव कोण आहे? त्यानं आपली आजी काऊन नेली?" काकूंनी दिलासा म्हणून दिलेला शब्द आमच्या घरात चोरीची तक्रार होऊन आला. तेव्हा त्या बाईंच्या यजमानांचं म्हणणं चूक नाही. रागावले, ते मात्र चूक. त्या माउलीनं त्या क्षणी जे हाताशी होतं ते दिलं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि आम्हा नास्तिक मंडळींना ती ऐकायला आवडत नाही. "मेल्यावर काही नसतं, बाकी सगळं थोतांड आहे" असं मुलाला ठणकावून सांगणं हीसुद्धा त्याचा प्रश्न बंद करण्याचीच रीत आहे. कठोपनिषदात नचिकेत आठवा. बाप म्हाताऱ्या गाई दान करतो, पोरगं विचारतं, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. पुढे पोरगं यमाकडे जाऊन विचारतं, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम म्हणतो, हे सोडून काहीही माग. हत्ती घे, घोडे घे, दीर्घ आयुष्य घे. आत्म्याबद्दल पुढे जे येतं ते कोणी मानो न मानो, सुरुवातीचा हा भाग आम्हाला फार ओळखीचा वाटतो. बाप चिडतो आणि यम खेळणी देतो. आज आपण मोबाइल देतो.

मग सांगायचं काय? आमचं मत असं की शरीराची हकिकत आणि माणसांच्या समजुती या दोन गोष्टी मुलासमोर वेगवेगळ्या ठेवाव्यात. पहिली ठामपणे सांगावी. दुसरी ज्याची त्याच्या नावावर सांगावी. "शेजारच्या काकू मानतात की आजी देवाजवळ आहे. तुझा मित्र फैजान मानतो की अल्लाहकडे गेली. मला आणि आईला वाटतं की आजी आता कुठंच नाही, आपल्या आठवणीत आहे. मोठा झालास की तुला काय पटतं ते तू बघ." यात मुलाशी खोटं बोलणं नाही आणि काकूंची टिंगलही नाही.

ही काही आमची नवी कल्पना नव्हे. जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पाहा. अर्धांगवायूनं उजवा हात गेल्यावर त्यांनी ते डाव्या हातानं लिहिलं आणि 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. ते प्रश्नोत्तरांत आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये त्यांचा दत्तक मुलगा यशवंतसुद्धा आहे. बाप धर्मावर पुस्तक लिहितो आणि त्यात मुलाला प्रश्नकर्त्याची जागा देतो, हे आम्हाला त्या पुस्तकातल्या कुठल्याही मुद्द्याइतकंच मोठं वाटतं. त्याच पुस्तकात ते एक घर कल्पितात. त्यात बाईनं बौद्ध व्हावं, नवऱ्यानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी प्रेमानं एकत्र राहावं. फुले नास्तिक नव्हते, निर्मिक मानत होते. पण घरात एकाच मताची सक्ती नको, हे त्यांना स्पष्ट होतं. 1890 च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला. शेवटी सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतलं. यशवंत तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं.

आपल्या वऱ्हाडाशी जवळचं नाव म्हणजे आगरकर. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या शाळेत शिकले, विष्णू मोरेश्वर महाजनी त्यांचे शिक्षक, 1875 साली तिथूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्यात सनातन्यांनी या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. बायको यशोदाबाई मात्र धार्मिक वळणाच्या. सबंध महाराष्ट्राशी भांडणाऱ्या या गृहस्थानं बायकोच्या व्रतांवर बंदी घातली नाही. 1895 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल सांगितलं जातं की आपल्या दहनाचा खर्च त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवला होता. या गोष्टीकडे आम्ही बाणेदारपणा म्हणून बघत नाही. घरच्या माणसांवर आपल्या मताचा बोजा पडू नये, ही काळजी त्यात दिसते.

हा बोजा म्हणजे काय, ते आम्हाला आमची पत्नी गेली तेव्हा कळलं.

तिनं देहदानाचा अर्ज भरला होता. आमचाही भरलेला आहे. 1949 च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली वैद्यकीय महाविद्यालयं देह स्वीकारतात. नेत्रदान करायचं तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. सगळं तिच्या मनासारखं झालं. गाडी आली, देह गेला, दार लागलं. आणि दुपारी चार वाजता घरात पन्नास माणसं होती आणि कोणाच्याही हाताला काही काम नव्हतं. खांदा नाही, अग्नी नाही, राख सावडणं नाही. आयुष्यभर आम्ही कर्मकांडावर बोललो. तेरा दिवस माणसाच्या हाताला काम देणं हाही त्या कर्मकांडाचा एक उपयोग असतो, हे आम्ही वर्गात सांगितलं नव्हतं, कारण आम्हाला ते माहीत नव्हतं. माहीत होतं म्हणा, पण पुस्तकातलं.

लेक अकोल्याला असते. नातू तेव्हा सहा वर्षांचा. त्यानं नेमकं विचारलं, "आबाजी, आजीले तिथं थंडी वाजंल का?" नाही, म्हटलं. मेलेल्या शरीराला थंडी वाजत नाही. "मंग डॉक्टर तिले सुई मारतीन तं?" दुखणार नाही. त्यावरून शिकून ते दुसऱ्या आजींना बऱ्या करतील. हे त्याला पटलं. आम्हाला वाटलं, चला, जमलं.

महिनाभरानं लेकीचा फोन आला. नातू रात्री उठून बसतो, गॅलरीत एकटा जात नाही. वर्गातल्या एका पोट्ट्यानं त्याला सांगितलं होतं की ज्याला जाळलं नाही अन् ज्याची तेरवी नाही केली त्याचं भूत होतं आणि ते भटकत राहतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत डोक्यात नुसता संताप होता. त्या पोराच्या आईबापांना भेटावं, शाळेत जावं, मुलांपुढे अंधश्रद्धेवर बोलावं.

आणि मूर्तिजापूर म्हटल्यावर गाडगेबाबा आठवणारच. त्या तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे ते वाढले, कारण वडील झिंगराजी त्यांच्या लहानपणीच दारूपायी गेले. बाबांच्या कीर्तनाची रीत सगळ्यांना माहीत आहे. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. अडाणी माणसाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, त्यानं उत्तर द्यायचं, की त्यावर पुढचा प्रश्न. उत्तर समोरच्याच्याच तोंडून यायचं. डब्यात बसून वाटलं, आपण भाषण द्यायला चाललो आहोत, ते राहू द्यावं.

नातवाजवळ बसून विचारलं, तुझ्या मित्राला हे कोणी सांगितलं? त्याच्या मोठ्या आईनं. त्यानं भूत पाहिलं का? नाही. फैजानकडे तर कोणालाच जाळत नाहीत, दफन करतात. मग त्याच्या आजोबांचं भूत झालं का? नातू विचारात पडला. म्हणाला, "नाही. ते कब्रस्तानात हायेत." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "आजीचं भूत झालं असतं ना आबाजी, तं मले भेव नसतं लागलं. आजीच हाय नं ते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. भीती भुताची नव्हती. आपल्यामुळे, आपल्या घरानं काही केलं नाही म्हणून, आजीचे हाल होत असतील, याची होती. आम्ही मोठ्यांनी आपलं तत्त्व पाळलं आणि त्याची जबाबदारी एका सहा वर्षांच्या मुलानं वर्गात एकट्यानं उचलली होती.

मग लेकीनं एक केलं. आजीला आवडणारं जेवण ठेवलं, भाकर, झुणका, ठेचा. आजीच्या हाताखाली शिकलेल्या दोन मैत्रिणी बोलावल्या, शेजारी बोलावले, ज्या मुलानं भुताचं सांगितलं त्यालाही बोलावलं. जो तो आजीची एक आठवण सांगत होता. नातवानं सांगितलं, आजी पत्त्यांत चिटिंग करायची. सगळे हसले. त्याला तेरवी म्हणा, नका म्हणू. त्यानंतर तो गॅलरीत जायला लागला.

गाडगेबाबांची आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुलांना हमखास सांगतात. 1923 साली कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. गोष्ट थोर आहे. पण "बघ, बाबा रडले नाहीत" म्हणून ती मुलांना सांगू नये, असं आमचं मत आहे. बाबा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, घर सोडून वर्षं झालेली. सहा वर्षांच्या लेकराला तो मापदंड लावू नये. त्याला रडणारा बाप दिसला तरी चालतं. उलट दिसावा.

धर्माची माहिती मुलांना द्यायची की नाही, असंही पुष्कळ जण विचारतात. द्यायची, आणि भरपूर द्यायची. देवघर नसलेल्या घरातल्या मुलाला तर ती जास्तच हवी, कारण बाहेरचं सगळं जग त्याला त्याच भाषेत भेटणार आहे. पापळसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलानं, पंजाबराव देशमुखांनी, विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहिला, आणि परत येऊन 1927 मध्ये अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहात उभे राहिले. धर्म नीट माहीत असणं आणि त्यातलं अन्याय्य ते नाकारणं, या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमतात. मुलांना अंबादेवीला न्या, वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी जिथं प्राण सोडला तो पेढी नदीचा पूल दाखवा, विहार दाखवा, दर्गा दाखवा. बाबांनी आपलं स्मारक करू नका म्हणून बजावलं होतं, आणि तरी गाडगेनगरात आपण समाधी मंदिर बांधलं. का बांधलं असेल, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला विचारून बघा. आम्हाला मिळालेली उत्तरं फार चांगली होती.

आणि मूल आपल्यासारखं झालं नाही तर? होऊ शकतं. इरावती कर्वे लहानपणी शिकायला पुण्याला आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. रँग्लर पक्के नास्तिक, नवरा दिनकर कर्वे त्याच विचाराचे. त्याच इरावतीबाई पुढे वारीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यांनी त्यावर लिहिलं, ते आजही वाचलं जातं. परांजप्यांचं संगोपन फसलं असं कोणी म्हणेल का? आम्ही तरी म्हणणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची बाब, कारण चिठ्ठी आली आहे. शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहावं? कोणत्याही माणसाला आपला धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही, आणि 'धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क त्याला आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं 2014 साली दिलेला आहे. शाळेतल्या धर्मशिक्षणाबद्दल घटनेचं कलम 28 आहे, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. एकटं वाटत असेल तर 2011 ची जनगणना बघा. धर्म नमूद न केलेले सुमारे 29 लाख लोक होते. शेकडा पाव टक्काही नाही, पण अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा तेवढीच होती. सगळेच नास्तिक नसतील, हे धरून चला. मात्र फॉर्म भरण्याआधी मुलाशी बोला. वर्गात सर विचारतील तेव्हा उत्तर त्याला द्यायचं आहे, आपल्याला नाही. माझे आईबाबा मानत नाहीत, मी अजून ठरवलं नाही, एवढं त्याला म्हणता आलं तरी पुष्कळ.

यंदा अखाजीला आम्ही अकोल्यालाच होतो. शेजारच्यांनी पितरांसाठी घागर भरली होती, त्यावर खरबूज ठेवलं होतं. नातू आता नऊ वर्षांचा आहे. तोही एक लहान गडू पाण्यानं भरून घेऊन आला आणि आजीच्या फोटोसमोर ठेवला. आम्ही काही बोलायला तोंड उघडलं, तर लेकीनं डोळ्यांनीच गप्प केलं. नातवाच्या ते लक्षात आलं. म्हणाला, "मले माहीत हाय आबाजी, आजी पिणार नाही. मी ठेवतो फक्त."

संध्याकाळी त्यानं ते पाणी कुंडीतल्या मोगऱ्याला घातलं आणि खेळायला गेला.

बरं, अजून दोन चिठ्ठ्या दिसताहेत. या वेळी दहा मिनिटं आहेत आणि आम्ही ती वापरणार आहोत. विचारा.